टॉवेलाखालची घासाघीस

माझ्या लेकीला किती मळमळतंय, हे मी तिच्याशी घासाघीस करून ठरवायचो. हे एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. बायको म्हणाली, लिहून काढा एकदाचं, नाहीतर जन्मभर कुढत बसाल आणि आमच्या डोक्याला ताप. तिचं बरोबर आहे. म्हणून लिहितोय. आणि आधीच सांगून ठेवतो, यात मी कुठं चांगला बाप म्हणून दिसलो तर तो भाग वगळून वाचा.

लातुरात माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे. वडील उदगीरकडच्या गुरांच्या बाजारात दलाल होते. त्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायचे. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं वाकून बघत असली तरी कुणाला काही कळायचं नाही. समोरच्यानं चार बोटं धरली की आपण त्याची दोनच धरायची. मग तो मान हलवणार, तोंड वाकडं करणार, उठून जायचं सोंग करणार आणि शेवटी तीनवर येणार. मी शाळेत जायच्या आधी हे शिकलो. वडिलांनी त्याबरोबर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली की समोरचा पहिल्यांदा सांगतो तो आकडा खरा नसतो, वाढवलेलाच असतो. तो मान्य करणारा माणूस येडा. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत मी आजवर कुणाचाही पहिला आकडा मानला नाही, आणि त्याचा मला माज होता.

लेक नऊ वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. आधी ताप, मग अंगावर निळे डाग, मग तपासण्या. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं, ‘ते’ म्हणायचे. उपचार नांदेडला ठरले. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता, त्यामुळं बायको लातुरात आणि दवाखान्यात मी. दुकान भावाच्या हवाली केलं. माझ्यासारखा तापट माणूस आजाऱ्यापाशी बसणार म्हटल्यावर सगळ्या नातेवाइकांना काळजी पडली होती. आई तर तोंडावर म्हणाली, “त्याला कशाला पाठवता, तो तिथं डॉक्टरलाच धरून मारंल.”

मी कुणाला मारलं नाही. पण पहिल्या दोन केमोला मी जो बेजार झालो तो सांगता येत नाही. औषध नसेतून जायला लागलं की थोड्या वेळानं पोरीला वांत्या सुरू व्हायच्या. पोटात काही उरायचं नाही तरी अंग पिळवटून यायचं. ‘उलटीचं औषध दिलंय, तरी काही मुलांना होतं,’ असं नर्स सांगायच्या. तिसऱ्या वेळी तर कहर झाला. आम्ही लातूरहून निघालो, अहमदपूरपर्यंत पोरगी गप्पा मारत होती. लोहा आलं, आता नांदेड जवळ आलं हे तिला कळलं आणि तिनं गाडीतच ओकून टाकलं. अजून सुई नाही, औषध नाही, दवाखान्याचं दारसुद्धा दिसलं नाही. मी ड्रायव्हरवर ओरडलो, त्याला म्हटलं, नीट चालव ना, बैलगाडी हाकून राहिला का? त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

वॉर्डात एक ताई यायच्या. डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. मुलांना श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसं सोडायचं, भीती वाटली की मन दुसरीकडं कसं न्यायचं, हे त्या शिकवायच्या. लोह्याची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या की असं होतं, शरीर आधीच धास्तावतं, औषधाची वाट बघत नाही. आपण डॉक्टरांच्या औषधांबरोबर हे पण करून बघू.

“श्वास घ्यायलाही आता मास्तर लागतो व्हय?” मी म्हणालो.

ताई हसल्या. बहुतेक त्यांना अशा बापांची सवय होती.

त्यांनी लेकीला खाटेवर उशीला टेकून बसवलं. आधी पायाची बोटं आवळायला लावली. पाच मोजेपर्यंत धरायचं आणि एकदम सोडून द्यायचं. मग पोटऱ्या, मग मुठी, मग खांदे कानापर्यंत वर उचलून खाली. मग श्वास. नाकानं हळू आत घ्यायचा आणि तोंडानं असा सोडायचा की समोर गरम दुधाची वाटी आहे, फुंकर तर घालायची पण साय हलू द्यायची नाही. पोरीला ते सायीचं फार आवडलं. ओठांचा चंबू करून ती अशी फुंकायची की मला हसू यायचं. नंतर ताईंनी मोबाईलवर एक बाईचा आवाज लावला. ‘तू समुद्राच्या काठावर बसली आहेस, लाटा येत आहेत...’

लेकीनं एक डोळा उघडला. “ताई, मी समुद्र पाह्यलाच न्हाई.”

“मग तू काय पाहिलंयस? जिथं तुला लई छान वाटलं, अशी जागा सांग.”

पोरीनं विचार केला. माझी बहीण अर्धापूरला दिलेली आहे, त्यांची केळीची बाग आहे. आत्याच्या बागेत पाणी सोडलं की सरीत पाय सोडून बसायचं, वर केळीची पानं, ऊन खाली येत नाही, असं तिनं सांगितलं. ताईंनी मोबाईल बंद केला आणि स्वतःच्या आवाजात तिला त्या बागेत नेलं. पाणी पायाला किती गार लागतं, पानं कशी वाजतात, चिखल बोटांत कसा शिरतो, हे त्या तिलाच विचारत गेल्या. बोलता बोलता पोरीचे खांदे खाली आले. कपाळाची आठी गेली. त्या दिवशी वांत्या थांबल्या असं नाही, पण दोन वांत्यांच्या मधे ती डोळे मिटून पडून राहिली, रडली नाही. मी ताईंना हात जोडले. माझ्या तोंडावर मीच मारल्यासारखं झालं होतं, पण चांगलं वाटत होतं.

ताईंचा एक नियम होता. हे करायच्या आधी आणि केल्यानंतर मुलाला विचारायचं, त्रास किती आहे? शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे आता सहन होत नाही. तो आकडा खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहायचा. मी जवळ असायचो म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. डॉक्टरीणबाई सकाळी फेरीला आल्या की तो कागद बघायच्या.

चौथ्या केमोनंतर पोरीचं तोंड आलं. आतून सगळं सोललं, पाण्याचा घोट घ्यायचा तर डोळ्यांत पाणी. बोलायचं कुठलं? तेव्हा मला ती अक्कल सुचली. खांद्यावरचा टॉवेल तिच्या आणि माझ्या हातावर टाकला आणि तिला म्हणालो, “माय, तू बोलूच नको. तुझ्या आजोबाची विद्या शिकवतो तुला. जेवढं होतंय तेवढी माझी बोटं धर. सगळा पंजा धरला की पाच.”

तिला ते एकदम पटलं. वॉर्डातल्या बाकीच्या मुलांसमोर आकडा सांगायला ती लाजायचीसुद्धा, टॉवेलाखाली कुणाला दिसत नव्हतं. तिनं माझी चार बोटं धरली. मग आम्ही दोघांनी मिळून मुठी आवळल्या, सोडल्या, दुधावर फुंकर घातली, केळीच्या बागेत जाऊन आलो. मग मी टॉवेलाखाली हात पुढं केला. तिनं पुन्हा चारच बोटं धरली.

आणि माझ्या हातानं काय करावं? मी विचार केला नाही, खरंच केला नाही. माझ्या हातानं तिची दोन बोटं धरली. समोरच्यानं चार म्हटलं की दोन धरायची, चाळीस वर्षांची सवय. पोरीनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि फसकन हसली. फोडांनी भरलेल्या तोंडानं हसली. किती दिवसांनी हसली असेल! मग तिनं माझी तीन बोटं धरली. मीही मान हलवली, सौदा पटल्यावर वडील हलवायचे तशी. कागदावर मी तीन लिहिलं.

त्या हसण्यानं मला फसवलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. हसणं पहिल्या एक-दोन वेळचं. पुढं ती हसत नव्हती तरी मी घासाघीस करत राहिलो.

कारण तो आकडा खाली आला की मला बरं वाटायचं. चाराचे तीन झाले की वाटायचं, चला, गुण येऊन राहिला. मग वाटायचं दोन का नको? ती तीन बोटं धरायची, मी एक धरायचो, ती दोनवर यायची. कधी मी तिच्या कानात म्हणायचो, “अगं, एवढं कुठं होतंय, बघ बरं नीट. वाढवून तर न्हाई ना सांगत?” ती डोळे मिटून बघायची, खरंच आत बघायची, आणि एक बोट सोडून द्यायची. मी तिच्या तोंडाकडं बघायच्या ऐवजी कागदाकडं बघायचो. चार-तीन, चार-दोन, तीन-दोन. काय सुंदर दिसत होता तो कागद! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अरे वा, रिलॅक्सेशनचा छान उपयोग होतोय हिला. मग उलटीचं औषध आहे तेच ठेवू, वाढवायची गरज दिसत नाही.” मी छाती फुगवून उभा.

पलीकडच्या खाटेवर उमरीकडची एक लहान मुलगी होती, सहा-सात वर्षांची. तीही ताईंकडं शिकायची, पण तिचा आकडा पाचाचा पाचच. मोठ्यानं ओरडून सांगायची, “पाच! पाच हाय!” तिचा बाप गरीब माणूस, तिनं पाच म्हटलं की मुकाट पाच लिहायचा. मी त्याला बाहेर चहाला घेऊन गेलो आणि शिकवलं. होय, मी शिकवलं! म्हणालो, “तुम्ही पोरीला लई लाडावून ठेवलंय. ती म्हणंल तेच लिहिता. आमचीकडं बघा, श्वासावर उतरवती सगळं.” तो खाली मान घालून म्हणाला, “तुमची पोरगी लई धीराची हाय दादा. आमचीला न्हाई जमत.” आणि मी ते ऐकून घेतलं. वर त्याच्या चहाचा कप उचलून द्यायचा मोठेपणाही केला.

त्या पाच म्हणणाऱ्या पोरीला डॉक्टरीणबाईंनी औषध बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती आईच्या मांडीवर शांत झोपलेली मी पाहिली. आमची जागी होती. मुठी आवळत होती, सोडत होती, आवळत होती. मला वाटलं, काय अभ्यासू लेकरू आहे माझं.

बायको एकदा धाकट्याला घेऊन भेटायला आली. तिनं कागदही बघितला आणि पोरगीही बघितली. म्हणाली, “अहो, इथं दोन लिहिलंय. हिचे ओठ बघा ना. हे दोन हाय का?” मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, “तू चार दिवसांनी येणार आणि मला शिकवणार? चोवीस तास मी हाय हिच्यापाशी.” ती गप्प बसली. मी ओरडलो की घरात सगळे गप्प बसतात, हे मी तोवर माझ्या बाजूचं समजत होतो.

पाचव्या केमोनंतर आम्ही लातूरला घरी आलो. ताईंनी आणि डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, घरी त्रास तीनच्या वर गेला, पाणी टिकेना, लघवी कमी झाली, तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा आणि निघायचं. मी हो-हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी जवळ बसलो, टॉवेल टाकला, हात पुढं केला. तिनं माझी दोन बोटं धरली.

मी उलटून काही केलं नाही. करायची गरजच नव्हती. पोरगी आता सरळ दोनावरूनच सुरुवात करत होती. हे मला त्या क्षणी जाणवलंसुद्धा, आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, शिकली! ताईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “एकदम मस्त ताई, दोनच हाय. श्वास चालू हाय तिचा, बाग-बिग सगळं करती.” ताई म्हणाल्या, पाणी पितेय का? मी म्हणालो, पितेय की. पेला तिच्या उशाशी भरलेला होता. तो सकाळपासून तेवढाच भरलेला होता, हे मी बघितलं नव्हतं.

दुपारी बायको तिला न्हाणीत घेऊन निघाली आणि दारातच पोरीचे पाय गेले. बायकोनं तिला धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. पोरगी शुद्धीत होती, पण मान धरत नव्हती. ओठ कोरडे ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली. बायकोनं विचारलं, लघवीला कधी गेली होतीस? पोरगी म्हणाली, काल. काल! आणि वांत्या? तर रात्रभर ती एका पिशवीत ओकत होती. पिशवी खाटेखाली सरकवून ठेवली होती. आम्हाला उठवलं नव्हतं.

शेजाऱ्याची गाडी काढली, तोच चालवायला बसला. मागं मी, बायको आणि मधे पोरगी. धाकट्याला आईपाशी टाकलं. लातूर ते नांदेड तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय, पण एवढा लांब रस्ता जगात कुठं नसेल. पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओठांचा चंबू करत होती आणि हळूहळू फुंकत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “माय, किती होतंय गं?” तिनं हात उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि दोन बोटं धरली. बायकोनं ते बघितलं. तिला तो प्रकार माहीत नव्हता, पण ती बाजाराच्या घरात नांदलेली बाई आहे, तिला बघताक्षणी कळलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त काढलं, धावपळ झाली. डॉक्टरीणबाई आल्या, ताईही त्यांच्या मागून आल्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, “बाळा, आता सांग, शून्य ते पाच, किती होतंय तुला?”

पोरीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तिनं मान वळवली आणि मला विचारलं, “अप्पा, किती सांगू?”

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या, ताई बघत होत्या, बायको बघत होती. मग बायकोच बोलली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, तिनं माझ्यावर कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, “तुमी पोरीसंगं सौदा करून राहिले होते? तिच्या दुखण्याचा? ती काय बैल हाय का हो?” आणि ती ढसाढसा रडायला लागली.

मी सगळं सांगितलं. उपरणं, टॉवेल, बोटं, चाराचे दोन. सांगताना मला स्वतःला ऐकू येत होतं की हे काय सांगतोय मी. डॉक्टरीणबाईंनी कागद काढून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि औषध बदलून लिहिलं. एवढंच म्हणाल्या, “हे मला आधी कळायला पाहिजे होतं.” त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. मी राग ओळखतो तो माझ्यासारखा, मोठ्या आवाजाचा.

ताई मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. मला वाटलं, आता ही बाई माझी चामडी सोलणार, आणि सोलावी असंच मला वाटत होतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, श्वासानं कमी झालं तर चांगलंच आहे. नाही झालं तर ‘नाही झालं’ हे तिला म्हणता यायला पाहिजे, त्यासाठी तो आकडा आहे. तो आपण खाली आणायचा नसतो, फक्त ऐकायचा असतो.” मग म्हणाल्या, “तुम्ही पण बसत जा हे करायला. तुम्हालाही गरज आहे.”

“मला काय धाड भरली?” मी म्हणालो. सवयीनंच म्हणालो. नंतर तिथंच बाकड्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उमरीचा तो बाप पलीकडून जात होता, त्यानं पाण्याची बाटली आणून माझ्याजवळ ठेवली आणि काही न विचारता निघून गेला. त्याला मी काय काय ऐकवलं होतं! माफी मागायची म्हणून मी उठलो, तोवर तो आत गेलेला. नंतर चार-पाचदा तो समोर आला, पण माझी हिंमत झाली नाही, आणि मग त्यांच्या तारखा आणि आमच्या तारखा वेगळ्या झाल्या.

नव्या औषधानं पोरीच्या वांत्या निम्म्याहून कमी झाल्या. दोनच दिवसांत! म्हणजे हे औषध तिला आधीच मिळालं असतं. मी रोज हा हिशेब करतो, रोज उत्तर तेच येतं.

पुढच्या केमोपासून बायको नांदेडला राहिली आणि धाकट्याला घेऊन मी लातुरात. ठरवून नाही, कुणी तसं बोललंही नाही, पण पिशवी बायकोनं भरली आणि मी अडवलं नाही. ताई, बायको आणि पोरगी मिळून सगळं करायच्या. बायको फोनवर सांगायची, आज चार होतं, नंतरही चारच राहिलं, मग डॉक्टरांना सांगितलं. आज पाचावरून दोनवर आलं, स्वतःहून. मी विचारायचो, “खरं दोन?” बायको म्हणायची, “मी तिच्या तोंडाकडं बघून विचारलंय.” पण तिनंही एकदा कबूल केलं, पोरगी आकडा सांगायच्या आधी अजून थबकते. समोरच्याला किती ऐकायचंय याचा अंदाज घेते, मग बोलते.

उपचार संपले. तपासण्या चांगल्या येतात, तीन-तीन महिन्यांनी नांदेडला जाऊन यावं लागतं. केस आलेत, आधीपेक्षा दाट आणि कुरळे. शाळेत जाते, धाकट्याशी भांडते, लोहा आलं की अजून गप्प होते पण ओकत नाही. लोक म्हणतात देवानं वाचवलं, मी मान हलवतो.

गेल्या महिन्यात ती शाळेतून लंगडत आली. विचारलं तर म्हणाली, काही न्हाई, थोडंसं लागलं. मोजा काढला तर घोटा कोहळ्यासारखा सुजलेला. तसाच घेऊन ती दिवसभर वर्गात बसली होती. हाडाच्या डॉक्टरनं दाबून बघितलं तेव्हाही ती ओठ मिटून माझ्याकडं बघून हसली. डॉक्टर म्हणाले, धीट आहे पोरगी.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती खुर्चीवर, पाय उशीवर. मी म्हणालो, “माय, तुला एक सांगायचंय. दवाखान्यात तू चार म्हणायचीस आणि मी दोन करायचो. मी लई चुकलो. त्याच्यामुळं तुला लई भोगावं लागलं. माफ कर मला.” लेकीची माफी मागायची रीत आमच्या घरात नाही, माझ्या बापानं आयुष्यात कुणाची मागितली नाही.

ती जरा लाजली. म्हणाली, “मला माहीत होतं की अप्पा.”

“काय माहीत होतं?”

“तुमी कमी करून राहिले ते.”

“मग तू ऐकायचीस कशाला? चारच धरून बसायचं ना! न्हाई सोडत म्हणायचं!”

ती पायावरच्या पट्टीचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, “चार म्हणलं की तुमचा हात थरथरायचा अप्पा. टॉवेलाखाली. दोन म्हणलं की थांबायचा. मग तुमी शांत बसायचे.”

माझा हात थरथरतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचं लेकरू, नसेत ते औषध, तोंडात फोड, आणि ते डोळे मिटून माझा हात सांभाळत होतं. मी शेवटी विचारलं, “आन खरं किती असायचं गं तुला? आता तरी सांग. मी काही म्हणणार न्हाई.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. नीट, सावकाश बघितलं. मग म्हणाली, “आठवत न्हाई आता.”

तिला खरंच आठवत नाही, की मला झेपेल तेवढंच तिनं सांगितलं, ते मला कळलं नाही. आणि आता मी ते विचारायचं तरी कुणाला?